मावशींचा रोजा आणि आपला ड्युटी चार्ट

(सेवेच्या कामातले प्रश्न : वाचक विचारतात, निवृत्त सिस्टर उत्तर देतात)

मागच्या अंकात रात्रपाळीबद्दल लिहिलं होतं त्यावर बरीच पत्रं आली, आणि त्यातली निम्मी तरी शेवटी एकाच विषयावर येऊन थांबली, की आमच्याकडे मुस्लिम मावशी आहेत, मामा आहेत, पेशंट आहेत, त्यांचे सणवार, रोजे, नमाज हे आम्हाला नीट माहीत नाही आणि विचारायला संकोच वाटतो. म्हणून या वेळी सगळी जागा याच प्रश्नांना दिली. मी मौलाना नाही, नर्स आहे, तेव्हा धर्माचा निवाडा माझ्याकडून मागू नका, वॉर्डात एकतीस वर्षं काढली त्यात जे शिकले तेच सांगते.

प्रश्न : ताई, मी चोपडा तालुक्यात एका वृद्धाश्रमात सुपरवायझर आहे. 26 आजीआजोबा, स्टाफ 11 जणांचा, त्यात दोन मावशी आणि एक मामा मुस्लिम. रमजान आला की दरवर्षी मला टेन्शन येतं. दोघी मावशी रोजे धरतात आणि उचलणं, अंघोळी घालणं ही जड कामं त्यांच्याकडेच. चक्कर येऊन पडल्या तर? बाकीच्या बाया म्हणतात यांनाच सवलत का. आणि ईदची सुट्टी कधी ते आदल्या रात्रीपर्यंत कळत नाही. काय करू?

सगळ्यात आधी मला सांगा, हे सगळं तुम्ही त्या दोघींशी बोललात का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही म्हणून विचारतेय. कारण हीच चूक मी केलीय. 2019 सालची गोष्ट, त्या वर्षी रमजान 7 मेला लागला होता, आणि आपल्या खान्देशातला मे म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, दुपारी वॉर्डाच्या खिडकीला हात लावला तर चटका बसायचा, पंखा गरम हवाच फिरवायचा. पहाटे साडेचारपासून संध्याकाळी सातपर्यंत म्हणजे साडेचौदा तासांच्या आसपास पाण्याचा थेंब नाही. माझ्या वॉर्डात एक मावशी होती, चाळिशीची, कामाला वाघीण. मला तिची दया आली आणि मी परस्पर तिची ड्युटी बदलून तिला चादरींच्या स्टोअरला टाकलं. वाटलं, बसून काम, सावली, बरं होईल. तिसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली, डोळे भरलेले, म्हणाली, "सिस्टर, माझं काही चुकलं का? पेशंटनी तक्रार केली का माझी?" मला काय बोलावं कळेना. तिला शिक्षा वाटली होती ती. मग बसून बोललो तेव्हा कळलं की तिला काम बदलून नकोच होतं, तिला फक्त दोन गोष्टी हव्या होत्या, अंघोळी सकाळी उरकून घ्यायच्या आणि रोजा सोडायच्या वेळेला कोणीतरी दहा मिनिटं तिच्या जागी थांबायचं. बस्स. एवढं मी पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर तीन दिवस ती बाई मनात कुढली नसती.

आता कामाचं गणित. रोजा पहाटे फजरच्या वेळेला सुरू होतो आणि सूर्य मावळला की मगरिबला सुटतो. पहाटेचं खाणं म्हणजे सहरी, संध्याकाळचं इफ्तार. त्यामुळे अंगात जोर असतो तो सकाळी, आणि खरी उतरण लागते दुपारी तीन-चारनंतर, शेवटचा तास तर सगळ्यात जड. म्हणून कूस बदलणं, पेशंट उचलून खुर्चीत बसवणं, अंघोळी ही कामं सकाळी अकराच्या आत घ्या, आणि दुपारनंतर औषधांचे ट्रे लावणं, चार्ट भरणं, नखं कापणं, आजींच्या वेण्या घालणं असली कामं द्या. आणि पेशंट उचलायला तसेही दोघं लागतातच, रमजान असो नसो, एकटीने उचलायला लावणं हे बाराही महिने चूकच आहे, तेवढं मात्र मी स्पष्ट सांगते.

मशिदीत सहर आणि इफ्तारच्या वेळांचा छापील तक्ता मिळतो. तो आणा आणि ड्युटी चार्टच्या शेजारी चिकटवा. वेळ रोज मिनिट-अर्ध्या मिनिटाने सरकते, त्यामुळे "सातला सोडते ना तू" असं अंदाजाने चालत नाही. माझ्या त्याच मावशीचं एक दृश्य अजून डोळ्यासमोर आहे. एका आजीला कमोडवर बसवलेलं, मावशीने एका हाताने त्यांना धरलेलं, तेवढ्यात गावातून अजान आली. आजीला सोडून जाणार कुठे? तिने एप्रनच्या खिशातून कागदात बांधलेला खजूर काढला आणि तोंडात टाकला, आणि आजी, ज्या स्वतः लेवा पाटलांच्या, माळकरी, कांदालसूण न खाणाऱ्या, त्यांनी शेजारच्या स्टुलावरचा पाण्याचा ग्लास थरथरत्या हाताने उचलून तिच्यापुढे धरला. "दिनभर पानीबी पेत नई का वं पोरी? पे, पे आधी." ते बघितल्यावर मी दुसऱ्या दिवसापासून त्या वेळेला तिच्या जागी दुसरी मावशी उभी करायला लागले, जे मी खरंतर आधीच करायला हवं होतं.

चक्कर येण्याची भीती योग्य आहे पण एक लक्षात घ्या, धर्मानेच बऱ्याच मोकळीकी दिलेल्या आहेत. आजारी, प्रवासातला, गरोदर, अंगावर पाजणारी, खूप म्हातारं माणूस, या सगळ्यांना सूट आहे, ज्यांना नंतर जमतं त्यांनी बरं वाटल्यावर तेवढे रोजे भरून काढायचे, त्याला कजा म्हणतात. ड्युटीवर खरंच डोळ्यापुढे अंधारी आली, घाम फुटला, हातपाय थरथरले तर रोजा सोडायची परवानगी आहे. हे तिला माहीत असतंच, तुम्ही फक्त म्हणा की मावशी, गरज पडली तर मला सांगा, मी कोणाला काही बोलणार नाही. निर्णय तिचा.

आणि हो, पाळी चालू असताना बायका रोजा धरत नाहीत. तेव्हा पँट्रीत एखादी मावशी पाणी पिताना दिसली तर "काय गं, रोजा सोडला का आज?" असं सगळ्यांसमोर, त्यातून मामा लोकांसमोर विचारू नका. मी हे होताना पाहिलंय. ती पोरगी लाजेने मेल्यासारखी झाली होती आणि पुढचे चार दिवस बाथरूममध्ये जाऊन पाणी प्यायली. स्टाफला हे एकदा आधीच, शांतपणे सांगून ठेवा. त्यांच्यासमोर चहा प्यायचा की नाही असंही विचारतात बाया, तर प्या ना, लपवायची काही गरज नाही, फक्त "घे गं एक घोट, कोण बघतंय" असली मस्करी नको.

नमाज दिवसातून पाच वेळा, त्यातल्या ड्युटीत एक किंवा दोनच येतात, दरवेळी पाच-दहा मिनिटं. वेगळी खोली नको, लिनन रूमचा स्वच्छ कोपरा पुरतो. नमाज चालू असताना समोरून जाऊ नका, हाक मारू नका, ती दोन्ही बाजूंना मान वळवून सलाम फेरेल तोपर्यंत थांबा. नमाजाआधी वजू करतात, हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात धुवायचे, डोक्यावरून ओला हात, मग पाय धुवायचे. वृद्धाश्रमात त्या ओल्या फरशीवरून एखादे आजोबा घसरले तर खुबा मोडायचा, तेव्हा बेसिनपाशी एक जाड पायपुसणं आणि वायपर ठेवा, एवढंच. मामाला शुक्रवारी जुम्म्याची नमाज मशिदीत जमातीने, म्हणजे सगळ्यांसोबत पढायची असते, दुपारची, त्याची जेवणाची सुट्टी तेव्हा लावून द्या.

ईदच्या तारखेचं असं की त्यांचं वर्ष चंद्राचं, 354 किंवा 355 दिवसांचं, म्हणून सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. 2024 ला रमजान ईद 11 एप्रिलला होती, 2025 ला 31 मार्चला. महिना 29 चा की 30 चा हे चंद्र दिसल्यावर ठरतं, म्हणजे आदल्या संध्याकाळीच. त्यात त्यांचा काही दोष नाही, आपण अधिकमासाचं गणित घालतो, ते घालत नाहीत. उपाय सोपा आहे, दोन चार्ट करून ठेवायचे, चंद्र 29 ला दिसला तर हा, नाही दिसला तर तो. बकरी ईदला ही धावपळ होत नाही कारण ती जिलहज महिन्याच्या दहाव्या दिवशी येते, चंद्र दिसल्यापासून हातात नऊ-दहा दिवस असतात.

आता राहिलं "यांनाच सवलत". तुमच्या बाकीच्या बायांना विचारा, अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी कोणाला जायचं असतं? कानबाईला, श्रावणातल्या त्या रविवारी, घरात रोट असतात, भाऊबंद जमतात, तेव्हा ड्युटीवर कोण असतं? नवरात्रात नऊ दिवस फक्त पाण्यावर राहणारी कोणी आहे का तुमच्यात, तिला तेव्हा जड काम देता का? आमच्याकडे आम्ही एका मोठ्या कागदावर सगळ्यांचे सण लिहिले, अखाजी, कानबाई, पोळा, दिवाळी, रमजान ईद, बकरी ईद, 14 एप्रिल, नाताळ, आणि प्रत्येकापुढे त्या दिवशी कोण थांबणार ते ज्याचं त्याला लिहायला लावलं. कानबाईच्या रविवारी दोन्ही पाळ्या माझ्या मुस्लिम मावश्यांनी ओढल्या. त्यानंतर ईदच्या दिवशी कोण येणार असं विचारायची वेळच आली नाही, बाया आपणहून म्हणाल्या आम्ही आहोत.

प्रश्न : मी भुसावळला घरी जाऊन पेशंट सांभाळतो, केअरटेकर आहे. माझे पेशंट चाचा 71 वर्षांचे, पॅरालिसिस, शुगर, इन्सुलिन चालू. ते रोजा धरायचाच म्हणून हट्ट करतात. वजू करायला मदत कर, पलंग फिरव म्हणतात. मी हिंदू, मी हे केलं तर चालतं का? त्यांच्या कुराणाला हात लावू का?

दादा, मदत खुशाल करा. पाणी ओतून द्या, टॉवेल धरा, त्यात कसलीच अडचण नाही. पाणी चालत नसेल, जखम असेल, तर तयम्मुम असतं, म्हणजे स्वच्छ माती किंवा दगडावर हात टेकवून चेहऱ्यावरून आणि हातांवरून फिरवायचे. घरातल्यांना विचारा, ते एखादी स्वच्छ वीट किंवा दगड पलंगाशी ठेवून देतील. नमाज उभं राहून जमली नाही तर बसून, बसता येत नसेल तर पडून, मान हलवून, तेही जमलं नाही तर डोळ्यांच्या इशाऱ्यानेसुद्धा पढता येते असं काही जण मानतात, आणि हे ऐकून मला स्वतःला फार बरं वाटलं होतं, की अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही काहीतरी करता येतं.

पलंगाचं म्हणाल तर त्यांना चेहरा मक्केकडे हवा असतो, त्याला किबला म्हणतात. गंमत बघा, आपलं जळगाव, भुसावळ आणि मक्का, तिन्ही साधारण 21 अंश अक्षांशावर आहेत, म्हणून आपल्याकडून किबला जवळजवळ सरळ पश्चिमेला येतो, किंचित उत्तरेकडे झुकून. पलंग पूर्ण फिरवणं जमत नसेल, ऑक्सिजन किंवा सलाइनची नळी असेल, तर उशा लावून तोंड त्या बाजूला केलं तरी चाचांना समाधान मिळेल, तेही नाही जमलं तर त्यांच्यावर बंधन नाही.

कुराण मात्र शक्यतो घरच्यांनाच उचलायला सांगा, कारण वजूशिवाय हात लावू नये असं बरेच जण मानतात. उचलायचीच वेळ आली तर स्वच्छ कपड्यात धरून उंच जागी ठेवा, वर औषधाच्या बाटल्या, चष्मा, पेपर असलं काही ठेवू नका.

रोजाचं मात्र मी जरा कडक बोलणार. इन्सुलिनवाला पेशंट, त्यात वय 71, ही जोखमीची गोष्ट आहे. पहाटेचा डोस घेतला आणि दिवसभर अन्न नाही, तर शुगर खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. तुम्ही स्वतः डोस पुढेमागे करू नका, अजिबात नाही. रमजानच्या महिना-दीड महिना आधीच मुलांना सांगा की डॉक्टरांकडे न्या आणि रोजाबद्दल उघड विचारा. डॉक्टर नाही म्हणाले तर चाचा तुमचं किंवा मुलांचं ऐकणार नाहीत कदाचित, पण मशिदीतल्या इमामसाहेबांचं ऐकतील, त्यांना घरी बोलवा. जो कायमचा आजारी आहे, पुढेही रोजा भरून काढू शकणार नाही, त्याच्यासाठी फिदया आहे, प्रत्येक रोजाच्या बदल्यात एका गरिबाला जेवण. इमामसाहेबांनी हे सांगितलं की बऱ्याच म्हाताऱ्या माणसांचा जीव भांड्यात पडतो, कारण त्यांना भीती पाप लागण्याची असते, भुकेची नसते. एवढं करूनही त्यांनी धरलाच तर शुगर तपासत राहा, बोट टोचल्याने रोजा तुटत नाही. 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली की रोजा सोडवायचा आणि डॉक्टरांना फोन, तेव्हा भीड धरू नका.

प्रश्न : मी तडवी समाजाची, यावल तालुक्यातली, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून एका नर्सिंग होममध्ये लागले. सगळे विचारतात तू आदिवासी की मुस्लिम, दोन्ही कसं असेल. मोहरमला मला "हॅपी मोहरम" म्हणतात. आणि वॉर्डात आरती असली की प्रसाद घेतला नाही तर तोंडं वाकडी होतात. काय उत्तर देऊ?

बेटा, तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. आपल्या सातपुड्याच्या पायथ्याला, यावल, रावेर, चोपडा या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या तडवी भिल्ल राहतात, आणि इथल्याच लोकांना ते माहीत नसावं! तू दोन्ही आहेस आणि त्यात काहीच विसंगत नाही. अनुसूचित जमातीचा दाखला धर्मावर अवलंबून नसतो, ती अट अनुसूचित जातींच्या यादीला आहे, जमातींच्या नाही. हे एवढं सांग आणि पुढे कामाला लाग, रोज रोज खुलासे द्यायला तू बांधील नाहीस.

बाकीच्या वाचकांसाठी सांगते. मोहरम हा इस्लामी वर्षाचा पहिला महिना, पण त्याचा दहावा दिवस, आशुरा, हा दुःखाचा आहे. सन 680 मध्ये करबलाच्या मैदानात पैगंबरांचे नातू इमाम हुसेन आणि त्यांच्यासोबतची माणसं तहानलेली असताना मारली गेली. म्हणून त्या दिवशी लोक सरबत, पाणी वाटतात. काही जण त्या दिवशी रोजाही धरतात. आपल्या गावांत डोले, म्हणजे ताबूत निघतात आणि हिंदू घरंही त्यांना नवस बोलतात. तेव्हा हॅपी नका म्हणू. काही सुचलं नाही तर गप्प राहिलात तरी चालेल. ईदला "ईद मुबारक" मनापासून म्हणा.

प्रसादाचं प्रत्येकाचं वेगळं असतं. माझ्याबरोबरच्या मुस्लिम सिस्टर्समध्ये एक आनंदाने मोदक खायची, दुसरी हात जोडून नको म्हणायची, आणि दोघीही गणपतीत मखराला कागद कापायला बसायच्या. तू नको म्हणालीस तर त्यात अपमान नाही, आणि घेतलास तर कोणाला हिशोब द्यायचा नाही. इन्चार्ज सिस्टरने एकदा सगळ्यांना सांगावं की ताट फिरवायचं, ज्याला हवं त्याने घ्यावं, नाव घेऊन आग्रह करायचा नाही. ती सांगत नसेल तर तिला हा अंक वाचायला दे.

प्रश्न : धुळ्याच्या एका सेवा केंद्रात मी नाइटला असते. आमच्याकडे एक मुस्लिम आजी पहाटे दोनला गेल्या. नातेवाईक सुरतला. आमच्या मावशीने मायेने त्यांच्या तोंडात गंगाजल आणि तुळशीपान ठेवलं. मुलगा आला तेव्हा फार चिडला. मावशी अजून रडते.

मावशीला सांगा की तिच्या मनात माया होती हे कोणी नाकारत नाही. मुलालाही फोन करून एकदा नीट माफी मागा, तो तेव्हा आईच्या दुःखात होता, आता ऐकेल.

पुढच्या वेळेसाठी. जीव जायच्या बेतात असेल तर घरच्यांना फोनवर घ्या आणि फोन कानाशी धरा, त्यांना कलमा, म्हणजे श्रद्धेचं वचन, ऐकवायचा असतो. गेल्यानंतर डोळे हलकेच मिटवा, हनुवटीखालून कापडाची पट्टी बांधा, हातपाय सरळ करा, नळ्या काढा, तोंड किबल्याकडे वळवा, स्वच्छ चादरीने पूर्ण झाका. अंघोळ घालू नका, त्याला गुस्ल म्हणतात, ते त्यांची माणसं करतात, बाईला बायकाच घालतात. म्हणून आजींना हात लावायला मामाला बोलावू नका, मावशीच असू दे. दफन लवकर करायचं असतं, तेव्हा डॉक्टरांचा दाखला रात्रीच तयार ठेवा, "सकाळी ऑफिस उघडल्यावर" असं सांगू नका. आणि भरतीच्या फॉर्मवर एक ओळ वाढवा, शेवटच्या वेळी काय करावं, काय करू नये, कोणाला फोन करावा. हा प्रश्न सगळ्यांनाच विचारा, लेवा असो, जैन असो, बौद्ध असो, महानुभाव असो. महानुभाव आजोबांनाही सगळं आपल्यासारखं चालत नाही, तेही आपण कधी विचारत नाही.

प्रश्न : ईदला आमच्या मामांनी सगळ्या आजीआजोबांसाठी शिरखुर्मा आणायचं ठरवलंय. बरेच जण शाकाहारी. वाटू का? (पारोळा)

वाटा की! शेवया, दूध, खजूर, सुकामेवा, साखर, तूप, मांसमच्छी काही नाही त्यात. तरी वाटण्याआधी प्रत्येकाला सांगा काय आहे, कोणाकडून आलंय, आणि ज्याला नको त्याला बळजबरी नको. भांडं त्यांच्या घरचं चालत नसेल अशी एखादी आजी असेल तर मामांना आधीच सांगितलं तर ते इथल्या पातेल्यात तुमच्या गॅसवर करतील, आमच्याकडे तसंच केलं होतं आणि ती आजी स्वतः शेवया भाजायला बसली. शुगरवाल्यांसाठी साखर घालायच्या आधीच थोडं वेगळं काढून ठेवायला सांगा, आणि खजुराचे तुकडे बारीक करा, दात नसलेल्यांच्या घशात अडकतात.